चाळिशीनंतर लाँगबोर्ड: आधी थांबायला शिका

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४३, वजन ८४ किलो. सायकल सोडली तर चाकांवरचा कुठलाच खेळ कधी खेळलेला नाही. घरात मुलीचा लाँगबोर्ड, म्हणजे लांब फळीचा स्केटबोर्ड आहे, तिला बघून आपणही शिकावं असं वाटतं. दोनदा उभं राहून पाहिलं. दुसऱ्या वेळी बोर्ड पायाखालून पुढे निसटला आणि माकडहाडावर आपटलो. या वयात शिकावं का, आणि शिकायचं तर हाडं सांभाळून कसं?

शिकावं, नक्की शिकावं. मी स्वतः ३७ व्या वर्षी पहिल्यांदा बोर्डवर पाय ठेवला आणि गेली बरीच वर्षं फक्त मोठ्या माणसांनाच शिकवते आहे. मोठ्यांना तोल येत नाही, हा समज चुकीचा आहे. आठ-दहा दिवसांत बहुतेकांना तो येतो. अडचण वेगळी असते: पुढे जाणं पटकन जमतं आणि थांबणं त्यानंतर कितीतरी दिवसांनी. दुखापती होतात त्या या मधल्या दिवसांत. म्हणून मी शिकवताना क्रम उलटा ठेवते. जेवढ्या वेगातून तुम्हाला घाबरगुंडी न उडता थांबता येतं, तेवढाच वेग तुमचा. त्यापुढचा वेग उतारानं दिलेला असतो, आणि तो उतार म्हणेल तेव्हाच संपतो.

आधी तुमच्या त्या पडण्याबद्दल. बोर्ड निसटला यात तुमच्या वयाचा काही संबंध नाही. बोर्डला पुढे-मागे जाताना जवळजवळ अडथळाच नसतो. तुमचं वजन मागच्या पायावर राहिलं की पाय बोर्डला पुढे ढकलतो आणि अंग मागे राहतं. भीती वाटली की माणूस सहज मागे झुकतो, आणि इथे नेमकं तेच घातक ठरतं. नवशिक्यांचं सगळ्यात जास्त वेळा होणारं पडणं हेच: बोर्ड पुढे, माणूस मागे, आणि आधाराला मागे टेकलेले हात. यात माकडहाड, मनगट आणि डोक्याची मागची बाजू अशा तिन्ही जागा सापडतात. नशिबानं तुमचं माकडहाडावर भागलं.

यावर उपाय एकच, आणि तो पुढच्या पायात आहे. बोर्डवर चढताना नेहमी पुढचा पाय आधी ठेवायचा. जागा म्हणजे पुढच्या ट्रकचे (फळीखालच्या, चाकं धरणाऱ्या धातूच्या सांगाड्याचे) चार स्क्रू वर दिसतात त्यांच्या लगेच मागे, बोटं पुढच्या दिशेला किंवा किंचित तिरकी. मग शरीराचं सगळं वजन त्या एका पायावर आणायचं आणि गुडघा वाकवायचा. नाक, गुडघा आणि पायाची बोटं साधारण एका उभ्या रेषेत आली पाहिजेत. मागचा पाय जमिनीवरून उचलला तरी अंग हललं नाही, तर वजन बरोबर जागी आहे असं समजा. हलत्या बोर्डवर मागचा पाय आधी टाकणं मात्र कायमचं सोडून द्या.

हा सराव चाकं न फिरणाऱ्या जागी करा. घरात जाड सतरंजी किंवा गालिचा चालेल, बाहेर गवत. बोर्ड ठेवायचा, पुढच्या पायावर उभं राहायचं, दुसरा पाय हळूच खाली नेऊन जमिनीला नुसता लावायचा आणि परत उचलायचा. धप्पकन टेकवायचा नाही, लावायचा. एका दमात वीस वेळा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुढची मांडी भरून येईल, आणि ती यायलाच हवी, कारण पुश करणं, म्हणजे पायानं जमीन मागे ढकलून बोर्ड पुढे नेणं, आणि ब्रेक मारणं ही दोन्ही कामं याच एका हालचालीतून होतात. ज्यांना हा कंटाळवाणा भाग वाटतो आणि जे पहिल्याच दिवशी थेट रस्त्यावर जातात, त्यांना मी दोन आठवड्यांनी परत याच गालिच्यावर उभं करते.

पुढे कुठला पाय ठेवायचा, यावर फार विचार करू नका. डावा पुढे असेल तर त्याला रेग्युलर म्हणतात, उजवा असेल तर गूफी. दोन्ही सारखेच बरोबर. पायमोजे घालून गुळगुळीत फरशीवर दोन पावलं पळून घसरून बघा. जो पाय आपोआप पुढे जाईल तो बहुधा तुमचा पुढचा पाय. एक पथ्य मात्र पाळा. पुश मागच्या पायानंच करा. पुढच्या पायानं पुश करणाऱ्याचं वजन मागच्या पायावर राहतं, म्हणजे तुमच्या पडण्याचं कारण कायमची सवय होऊन बसतं. ही सवय सुरुवातीला सोयीची वाटते आणि नंतर सुटता सुटत नाही.

आता जमिनीवर या. सपाट, कोरडी, खडी नसलेली, वाहनं आणि गर्दी नसलेली जागा. डांबर बारीक असेल तर उत्तम, सिमेंट गुळगुळीत असेल तरी चालेल. पहिल्या दिवशी एकच हळू पुश, मग मागचा पाय मागच्या ट्रकच्या स्क्रूंवर आणि पुढचं पाऊल आडवं वळवून जिथपर्यंत बोर्ड जाईल तिथपर्यंत जाऊ द्यायचं. गुडघे वाकलेले, खांदे सैल, नजर दहा-बारा पावलं पुढे. पायांकडे पाहिलं की डोकं खाली जातं आणि डोक्यामागे अख्खं अंग जातं. पुश करताना पाय मागे फेकायचा नाही. तो बोर्डच्या शेजारी, पुढच्या पावलाच्या रेषेत टेकवून मागे ढकलायचा, चालताना ढकलतो तसाच, फक्त लांब.

पुश जमला की लगेच, त्याच दिवशी, पायाचा ब्रेक. यावर मी मुद्दाम जास्त लिहिते आहे, कारण लोक घाईनं शिकतात आणि अर्धवट सोडतात ती गोष्ट हीच. पायरी पहिली: पुढचं पाऊल परत पुढच्या दिशेला वळवायचं. दुसरी: सगळं वजन त्याच्यावर. तिसरी: मागचा पाय बोर्डच्या शेजारी खाली आणायचा आणि बुटाचा तळवा सपाट ठेवून जमिनीवरून नुसता सरकवायचा. सुरुवातीला वजन शून्य, रस्त्याला बुटाचा स्पर्श ऐकू येईल इतकंच. मग हळूहळू दाब वाढवायचा. वेग उतरतो तो या वाढत्या दाबानं. घाबरून एकदम दाबलं तर पाय जागीच अडकतो, बोर्ड पुढे जातो आणि माणूस फाटकासारखा गरकन वळतो.

दोन चुका जवळजवळ सगळे करतात. पहिली, टाच आधी टेकवणं. टाच अडखळते, तळवा घसरतो, म्हणून तळवा सपाटच हवा. दुसरी, वजन ब्रेकच्या पायावर टाकणं. ब्रेक मारतानाही तुम्ही पुढच्या पायावरच उभे असता. ब्रेकचा पाय मध्येच उचलला तरी तोल जाऊ नये, ही परीक्षा. जमिनीवर खडूनं एक रेघ ओढा आणि तिच्या आत थांबायचं ठरवा. दहापैकी आठ वेळा रेघेच्या आत थांबलात की एक पुश वाढवा, रेघ तिथेच ठेवा. वेग दुप्पट झाला की अंगातली गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी १० किलोमीटरवरून दोन मीटरांत थांबणाऱ्या माणसाला ताशी २० वरून, तेवढाच दाब देऊन, आठ मीटर लागतील. हे आकडे पायानं अनुभवलेले असले म्हणजे पुढे उतार बघून अंदाज घेता येतो. या सरावात बूट झिजतात. सपाट तळव्याचे, नाड्या आत खोचता येतील असे जुने बूट वापरा. धावण्याचे जाड, उंच टाचेचे बूट नकोत, त्यांत पायाला बोर्ड कळत नाही.

ब्रेकच्या जोडीला उतरणंही शिका. बोर्ड चालू असताना आधी मागचा पाय पुढे टाकून जमिनीवर, मग पुढचा, आणि चार पावलं पळून थांबायचं. मैदानात जॉगिंग करताना जो वेग असतो तिथपर्यंत हे कुणालाही जमतं. पहिला महिना माझा नियम असा की ज्या वेगातून धावत उतरता येणार नाही, त्या वेगात जायचंच नाही. उतरल्यावर मोकळा बोर्ड कुठे जाईल याचाही आधी विचार करा. सुटलेला बोर्ड बाणासारखा जातो आणि दुसऱ्याचा घोटा फोडतो, म्हणून उताराच्या खालच्या बाजूला कुणी नसावं.

पडण्याचा सरावही करावा लागतो, आणि मोठी माणसं त्यालाच सगळ्यात जास्त लाजतात. लाजू नका. सगळे गार्ड घालून गवतावर, बोर्डशिवाय करा. पुढे पडत असाल तर खाली बसत गुडघ्यांवर जा आणि पॅडवर घसरू द्या. गुडघ्याच्या पॅडची कडक वाटी त्यासाठीच असते. वेग जास्त असेल तर एका खांद्यावरून लोळण घ्या. हात ताठ पुढे करून सगळं वजन तळहातांवर झेलणं, हे टाळायचं. मागे पडत असाल तर आणखी खाली बसा, पाठ गोल करा, हनुवटी छातीला लावा. हनुवटी छातीला लागलेली असली की डोकं मागे आपटत नाही. हे सगळं तीस-चाळीस वेळा केलेलं असेल तरच खऱ्या वेळी आठवतं, कारण खऱ्या वेळी विचार करायला अर्धा सेकंदसुद्धा नसतो.

मनगटाच्या गार्डबद्दल मी हट्टी आहे, त्याला कारण आहे. तिसऱ्या आठवड्यात एकदा मी ते घरी विसरले. चालण्याच्या वेगात होते, चाकाखाली खडा आला आणि मी उजव्या तळहातावर पडले. सूज फारशी नव्हती, अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा पडतो तिथे दाबलं की दुखायचं. पहिल्या एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही, म्हणून मी दुखणं अंगावर काढलं. ते स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड होतं. त्याची चीर पहिल्या एक्स-रेमध्ये न दिसणं नेहमीचं आहे आणि त्याला रक्तपुरवठा कमी असल्यानं ते हळू भरतं. उपचार उशिरा सुरू झाले तर कधी कधी भरतच नाही. तेव्हा हातावर पडल्यानंतर त्या खळग्यात दुखत असेल, तर एक्स-रे स्वच्छ आला तरी हात न हलवता ठेवा आणि दहा-चौदा दिवसांनी परत दाखवा. डोकं आपटलं आणि नंतर उलटी, झापड, वाढती डोकेदुखी किंवा गोंधळल्यासारखं काही झालं, तर तडक डॉक्टरकडे. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर शिकण्याआधीच डॉक्टरांशी बोला.

हेल्मेट घेताना आतलं लेबल वाचा. युरोपीय मानक ईएन १०७८ सायकल, स्केटबोर्ड आणि रोलर स्केट या तिन्हींसाठी आहे. अमेरिकी एएसटीएम एफ १४९२ खास स्केटबोर्डसारख्या खेळांसाठी. नुसत्या आकारानं स्केटिंगची दिसणारी, पण कुठलंच मानक नसलेली हेल्मेटंही विकली जातात. ती घेऊ नका. डोक्याची मागची बाजू खालपर्यंत झाकली गेली पाहिजे, कारण आपण मागे पडतो. पुढची कड भुवईच्या वर दोन बोटं, पट्टा नीट आवळलेला. सायकलच्या हेल्मेटमध्ये जो पांढरा कडक फोम असतो तो एका जोरदार आपटीत आतून दबतो. बाहेरून चांगलं दिसलं तरी ते हेल्मेट मग बदलायचं.

मुलीचा बोर्ड तुम्हाला चालेल का? कदाचित, पण जसाच्या तसा नाही. ट्रकमध्ये रबरासारख्या दिसणाऱ्या दोन-दोन बुशिंग असतात आणि बोर्ड किती सहज कलतो हे त्या ठरवतात. हलक्या मुलीसाठीच्या मऊ बुशिंग ८४ किलोंखाली चेपतात. मग बोर्ड डुगडुगतो आणि वळताना चाक फळीच्या खालच्या बाजूला घासून जागीच अडकतं. तसं झालं की चालक थेट पुढे उडतो. किंगपिनचा, म्हणजे बुशिंगमधून जाणाऱ्या मोठ्या बोल्टचा नट थोडा आवळून बघा, पण बुशिंग फुगून बाहेर येईपर्यंत आवळू नका. त्यापेक्षा तुमच्या वजनाच्या, साधारण ९० ए कडकपणाच्या (आकडा जितका मोठा तितकं कडक) बुशिंग टाका. फळीवर मध्ये उभं राहिल्यावर ती खूप खाली वाकत असेल, तर ती फळी तुमची नाही. नवा बोर्ड घ्यायचाच झाला तर ३६ ते ४० इंच लांब आणि ट्रक फळीतून आरपार बसवलेले, म्हणजे ड्रॉप-थ्रू प्रकारचा घ्या. तो जमिनीपासून कमी उंच असतो. त्यामुळे पुश आणि ब्रेक करताना पुढचा गुडघा कमी वाकवावा लागतो, आणि चाळिशीच्या गुडघ्याला हा फरक लगेच कळतो.

चाकं ७० मिलिमीटरच्या आसपास आणि ७८ ते ८० ए इतकी मऊ असावीत. करामती करण्याच्या छोट्या स्केटबोर्डची चाकं ५० ते ५४ मिलिमीटरची आणि दगडासारखी कडक असतात, ती छोट्या खड्यावरसुद्धा अडतात. मोठं, मऊ चाक खडा गिळून पुढे जातं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला युरेथेन या चिवट प्लास्टिकची चाकं येईपर्यंत लोक चिकणमातीच्या मिश्रणाच्या आणि त्याआधी चक्क लोखंडी चाकांवर हा खेळ खेळत. त्यांनी किती खडे अंगावर झेलले असतील याचा विचार मी अजून करते. दर वेळी निघण्याआधी चाकांचे नट हातानं तपासा, फळीला चीर नाही ना ते बघा, चारही चाकं फिरवून बघा. ओल्या रस्त्यावर जाऊ नका. बेअरिंग गंजतात हे तर आहेच, पण खरी भीती रस्त्यावरच्या रंगवलेल्या पट्ट्यांची आणि लोखंडी झाकणांची. पाणी पडलं की त्यावर चाक धरतच नाही.

वळणं शिकायला फारसा वेळ लागत नाही. बोटांकडे किंवा टाचांकडे दाब द्या, नजर आणि खांदे जिकडे जायचं तिकडे वळवा, बोर्ड मागून येतो. मोठ्या रुंदीत डावी-उजवी वळणं घेतली की वेगही थोडा आटोक्यात राहतो.

उताराची घाई मात्र करू नका. रेघेच्या आतला ब्रेक पक्का झाल्यावर अगदी सौम्य उतार निवडा, ज्याच्या खाली लांब सपाट जागा आहे आणि जो संपूर्ण नजरेत येतो. आधी तो पायी चालून या. खडे, भेगा, झाकणं, वाहनं बाहेर येतील अशी फाटकं, सगळं बघून ठेवा. मग वरून नाही, खालून सुरुवात करा: सपाटीपासून दहा पावलं वर जाऊन तिथून सुटा. ब्रेक मारून सलग तीन वेळा मनाजोगतं थांबता आलं की पाच पावलं वर. असं करत माथ्यापर्यंत जायला काहींना तीन आठवडे लागतात, तर काही जण निम्म्यावर थांबतात आणि तिथेच आनंदानं खेळतात. ब्रेक उताराच्या सुरुवातीपासूनच अधूनमधून मारत राहा. वेग वाढल्यावर एका पायावर येणं फार कठीण जातं.

कधीतरी वेग वाढला आणि बोर्ड डावी-उजवीकडे थरथरायला लागला, तर त्याला स्पीड वॉबल म्हणतात. घाबरलेले घोटे प्रत्येक हेलकावा दुरुस्त करायला बघतात, आणि ती दुरुस्ती उशिरा पोचल्यानं हेलकावा वाढतो. अशा वेळी खाली बसा, वजन पुढच्या पायावर आणा, घोटे आणि गुडघे सैल सोडा. मागे झुकलात तर मागचा ट्रक बोर्ड वळवायला लागतो आणि थरथर आणखी वाढते. ती शमली की मग ब्रेक. जोरात उतरणारे लोक बोर्ड आडवा घसरवून, हातमोज्यातल्या प्लास्टिकच्या चकतीवर हात टेकून थांबतात. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे स्केटबोर्डर क्लिफ कोलमन यांच्या नावानं ओळखली जाणारी ती घसरण अतिशय देखणी असते. ती शिका, पण पायाचा ब्रेक डोळे मिटून यायला लागल्यावर, आणि समोर उभं राहून शिकवणारं कुणीतरी असताना.

सराव किती? रविवारी तीन तास करण्यापेक्षा आठवड्यातून तीनदा अर्धा अर्धा तास. माझ्याकडे लोक पडतात ते बहुतेक वेळा शेवटच्या दहा मिनिटांत, ‘अजून एकच फेरी’ म्हणताना. पुढची मांडी थरथरायला लागली की त्या दिवसाचा सराव संपला. कानात इअरफोन नको. मागून येणारी सायकल आणि आपल्याच चाकाखालचा बदललेला आवाज, दोन्ही ऐकू यायला हवेत.

आणि मुलीला एक काम द्या. तुम्ही ब्रेक मारत असताना तिला बाजूनं, तुमच्या कमरेच्या उंचीवरून व्हिडिओ काढायला सांगा. रोज एकच बघा: ब्रेकचा बूट जमिनीला लागतो त्या क्षणी पुढचा गुडघा बुटाच्या टोकावर आहे की टाचेच्या मागे. टाचेच्या मागे दिसला, तर त्या दिवशी पुश वाढवायचा नाही.